फळ्याच्या रंगाची भांडी

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज स्टाफरूममध्ये मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला, शेषेराव सरांच्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडाले. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मुख्याध्यापक म्हणून सरांनी फर्मान काढलं की यंदा गाईडच्या मुलींचं शिबिर होणार नाही. का? तर मागच्या वर्षी शिबिरात स्टोव्हचा भडका उडाला आणि मनतशाचा हात भाजला. भाजला, मी कुठं नाही म्हणते? पण त्याच हिवाळ्यात मुलांचं शिबिर नदीकाठी गेलं होतं, तिथं एक पोरगा बुडता बुडता वाचला. मुलांचं शिबिर बंद झालं का? यंदाही जाणार आहे, तंबू, बँड, सगळा लवाजमा घेऊन. हे विचारलं तर सर म्हणतात, "वहिदा मॅडम, मुलींची गोष्ट वेगळी असते."

वेगळी म्हणजे काय ते तरी सांगा बाबा! या मुदखेडात विज्ञान शिकवता शिकवता माझे केस पिकले, गाईड कॅप्टन म्हणून किती पोरींना गाठी मारायला शिकवलं, पण हे वेगळेपण मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

शेवटी सर म्हणाले, विस्तव पेटणार नसेल तर बघू. त्यांना वाटलं, विस्तवाशिवाय ह्या पोरी काय खाणार, कच्च्या शेंगा? मी म्हटलं, "चालेल. काडीसुद्धा पेटवणार नाही. उन्हावर शिजवून दाखवते." पीटीचे सर पोट धरून हसले. हसा.

अट अशी ठरली. पहिल्या दिवशी दुपारी सर आणि पालक शिबिरात येऊन जेवण बघणार. विस्तवाशिवाय शिजलं तर मुली तीन रात्री तिथंच राहणार. नाही शिजलं तर संध्याकाळच्या गाडीनं घरी, आणि मुलींचं शिबिर कायमचं बंद.

२६ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर ज्ञानेश्वरी दारात घोटाळत होती. दहावीतली, माझ्या गटाची नायिका. बोलते कमी, पण एकदा सांगितलेलं काम दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"मॅडम, शिबिर व्हईल ना?"

"होईल की. तुला काय झालं रडायला?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिला अकरावीला लातूरला जायचं आहे, होस्टेलात राहून. वडील देविदास म्हणतात, जी पोरगी कवा आईचं अंथरूण सोडून दुसरीकडं झोपली न्हाई, ती लातूरला काय राहती? तीन रात्री शिबिरात राहून दाखव, न रडता, न कुणाची तक्रार येता, मग बघू. आणि नाही जमलं तर हदगावला मामाच्या ओळखीतलं स्थळ आहे. चांगलं घर आहे म्हणे. पोरगी सोळा वर्षांची आणि ह्यांना घर दिसतंय.

मी तिला म्हटलं, "तू काळजी करू नको. हे शिबिर मी करूनच दाखवणार." खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर शेषेराव सरांचं तोंड होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

नासिरच्या फोटोफ्रेमच्या दुकानातून काचा आणल्या. माझा धाकटा भाऊ, पण मला दम देतो. "आपा, ये क्या नवा खूळ? लोकांच्या काचा घेऊन जाऊ नको." मी घेऊन आले.

पुठ्ठ्याचे दोन खोके, एकात एक. मधल्या फटीत जुन्या गादीचा कापूस. आतून हॉटेलात पोळ्या गुंडाळतात तो चांदीचा कागद. वरून काच. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पुन्हा चांदीचा कागद, म्हणजे ऊन त्यावर आपटून आत जातं. बस, एवढंच. गच्चीवर ज्ञानेश्वरी, मनतशा आणि आणखी दोघी आल्या होत्या. सकाळी तांदूळ ठेवले. दुपारी काढले तर नुसते भिजलेले! नासिरची बायको जिन्यात उभी राहून बघत होती. नाक मुरडून खाली गेली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भांडी! शाळेची ॲल्युमिनियमची पातेली, खिचडी शिजवणाऱ्या रत्नम्मानं घासून घासून आरसा केलेली. चकचकीत भांडं ऊन परत फेकतं. काळं भांडं ऊन पिऊन घेतं. हे मी सातवीच्या वर्गात दरवर्षी शिकवते आणि स्वतः विसरले. फळ्याला लावतात तो काळा रंग शाळेत पडून आहे. उद्याच सगळी पातेली बाहेरून आणि झाकणावरून रंगवायची.

७ डिसेंबर, रविवार

शिजली! खिचडी शिजली! मूग, तांदूळ, हळद, मीठ, सगळं कसं लोण्यासारखं झालं. काच उघडली तशी वाफ मनतशाच्या चष्म्यावर गेली आणि पोरी किंचाळायला लागल्या. गल्लीतले लोक बाहेर आले. नासिर वर आला, एक घास खाल्ला, म्हणाला, "मीठ कमी है." पण बशी संपवली.

ज्ञानेश्वरी पातेल्याला हात लावून बसली होती, चटका बसेपर्यंत. म्हणाली, "मॅडम, हे लातूरला होस्टेलात बी करता येईल."

फळ्याचा रंग ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही. नखानं खरवडला तरी निघतो. पण तीन दिवस निघाले म्हणजे झालं. जीव भांड्यात पडला माझा.

१० डिसेंबर

पालकांची सभा. बाप लोक मागच्या बाकांवर, आया पुढं, जमिनीकडं बघत. मी नमुन्याला एक खोका आणि एक काळं पातेलं टेबलावर ठेवलं. जागा भोकरच्या पुढं, एका ओळखीच्यांचं मोकळं रान, पाण्याचा हौद आहे, शेजारी आखाडे आहेत, म्हणजे शेतावरच्या वस्त्या. सगळं सांगितलं. विस्तव नाही, भडका नाही, धूर नाही.

ज्ञानेश्वरीची आई यशोदाबाई उठून उभी राहिली. हिला कधी सभेत बोलताना पाहिलं नव्हतं. "मॅडम, समदं बरं हाय, पर भांडी असली काळी कामून?"

एकीला उत्तर दिलं की तासभर तेच चालतं. शिवाय सर घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "बाई, ते विज्ञान आहे. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही पोरीची पिशवी तेवढी नीट भरा." सगळ्या हसल्या. तीही हसली, तोंडाला पदर लावून खाली बसली.

सभा झकास झाली. देविदासनं सहीसुद्धा केली.

११ डिसेंबर, गुरुवार

उद्या निघायचं. दिवसभर पायाला भिंगरी. दोन काचा तडकल्या, त्या बदलायला नासिरकडं पळावं लागलं.

पातेली शाळेच्या खिचडीच्या खोलीत ठेवली आहेत, रत्नम्माच्या ताब्यात. ही देगलूरकडची, पोषण आहार शिजवते. माझे खोके आल्यापासून तिचं तोंड वाकडं. परवा म्हणाली, "अय्यो म्याडम, उन्हावर शिजाया लागलं तर आमी कुठं जायाचं?" मी म्हटलं, तुझी चूल कोणी नेत नाही, बाई. पण तिच्या मनात काहीतरी आहे, मला माणूस कळतं.

संध्याकाळी यशोदाबाई पोरीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. जास्तच आणली होती, माझ्यासाठीपण. "मॅडम, काई काम असलं तर सांगा. मला बसून ऱ्हावत न्हाई. उद्या मोठे मोठे लोक येणार म्हनं, आमचे हे बी." मी म्हटलं, "काम काही नाही, तुम्ही बसा रत्नम्मापाशी," आणि काचांसाठी निघाले. परत आले तेव्हा खोलीला कुलूप, पातेली गोणपाटात बांधून तयार. रत्नम्माचं काम असं वेळेवर झालेलं बघून बरं वाटलं. यशोदाबाई कोपऱ्यावर ऑटोची वाट बघत होती. लांबूनच हात जोडले, चांगली घामाघूम दिसत होती या थंडीत.

१२ डिसेंबर

आज काही लिहीत नाही. नखांतली काजळी निघत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

लिहिते. लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

भोकरला पोचलो तेव्हा ऊन छान चढलं होतं. पोरींनी तंबू उभारले, मी खोक्यांची तोंडं सूर्याकडं केली. मग म्हटलं, आणा गं पातेली. गोणपाट सोडलं.

पातेली लखलखत होती. सगळी. काळ्या रंगाचा टिपूस नाही. विटेच्या भुकटीनं घासलेली, काठ, कान, तळ, सगळं. माझं तोंड दिसत होतं त्यांच्यात.

पोरी भोवती जमल्या. ज्ञानेश्वरीनं एक पातेलं उचललं, बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि पांढरीफटक पडली. म्हटलं, घाबरली पोर. तिच्यावर ओरडले मी, "बघत काय बसलीस? काहीतरी कर!"

काय करणार? फळ्याचा रंग शाळेत. काजळी करावी तर काडी पेटवायची नाही. मी माझी काळी ओढणी फाडून दोन पातेल्यांना गुंडाळली. ज्ञानेश्वरी म्हणाली, "मॅडम, आखाड्यावर चूल असंल. तव्याखालची काजळी आणू?" बरोबर होतं. मी म्हटलं, "पळ!" एक पातेलं घेऊन ती एकटीच पळाली. सोबत कुणाला पाठवावं, हे त्या घाईत कुणाला सुचतं?

थोड्या वेळानं परत आली, पातेल्यात काजळी आणि वाटीभर गोडं तेल घेऊन. आखाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं खरवडून दिली म्हणे, आणि वर तेल दिलं. सगळ्याजणींनी कालवून हातांनी पातेल्यांना फासलं. कोपरापर्यंत काळ्या झालो, पण हसायला आलं एकमेकींकडं बघून. तेवढंच एक हसणं त्या दिवसाचं.

उशीर झाला होता, तरी ऊन कडक होतं. सर आले तेव्हा शिजलं नव्हतं. सर, पीटीचे सर, आणि पालक. सर तंबूत खुर्ची टाकून बसले आणि घड्याळाकडं बघत राहिले. मी म्हटलं, जरा थांबा. ते थांबले, कुत्सितपणे. आणि शेवटी काच ओली झाली, वास सुटला, मी झाकण उघडलं. भात! मोकळा, फुललेला, वाफाळता भात. वरणसुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अल्लाहची शपथ.

शेषेराव सरांनी चमच्यानं भात उचलला. मग पातेल्याला बोट लावलं. बोट काळं झालं. त्यांनी ते बोट सगळ्या पालकांना दाखवलं. मग पोरींचे हात बघितले. म्हणाले, "वाह. विस्तव नाही म्हणे. मग ही काजळी आभाळातून पडली का?"

मी सांगायला लागले, सर, ती नंतर लावली, काळा रंग उष्णता शोषतो. पीटीचे सर म्हणाले, "मॅडम, लग्नाच्या आचाऱ्याचीपण पातेली अशीच दिसतात." सगळे हसले. मी म्हटलं, चूल कुठं आहे ते दाखवा! राख दाखवा! तेव्हा देविदास पुढं आला. आवाज खाली होता त्याचा. "राख हितं कशाला असंल. म्या लवकर आलतो, फाट्यावर सरांची वाट बघत थांबलतो, तवा बघितलं. माझी पोरगी त्या आखाड्यावरून पातेलं घेऊन पळत येत व्हती. तिथं चूल पेटलेली व्हती. अन दोन सालगडी बाजंवर पत्ते खेळत व्हते."

झालं! आखाड्यावर शिजवून आणलं आणि खोक्यात नुसतं ठेवलं, असंच सगळ्यांनी धरलं. जे खरंच उन्हावर शिजलं, तेच लबाडीचा पुरावा झालं. कच्चं राहिलं असतं तर निदान आम्ही हरलो असतो, खोटारड्या ठरलो नसतो.

देविदासनं पोरीला विचारलं, "कुनी धाडलं तुला तिथं? एकटीला?"

मी सरांना प्रकाशाचं शोषण समजावत होते. कानावर पडलं मला. मी बोलणारच होते. पण ज्ञानेश्वरी आधीच बोलली, "कुनी न्हाई. मी आपनहून गेले." देविदासनं काही मारलं नाही, शिवी दिली नाही. तिची पिशवी तंबूतून आणली आणि मोटारसायकलला अडकवली. मी थांबवायला जाणार होते, पण तेवढ्यात सर गाडी मागवायला निघाले आणि मला त्यांच्या मागं जावं लागलं. शिबिर वाचवणं त्या वेळी जास्त गरजेचं होतं. शिबिर वाचलं असतं तर तिचंही झालं असतं.

भात कुणी खाल्ला नाही. आखाड्यावरच्या कुत्र्यांना घातला.

१५ डिसेंबर, सोमवार

एकच प्रश्न डोक्यात. पातेली कोणी घासली?

मधल्या सुट्टीत थेट खिचडीच्या खोलीत गेले. पोरी ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या, ज्ञानेश्वरीसुद्धा, अगदी पुढं, धाकट्या पोरींना ताटं द्यायला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "रत्नम्मा, किल्ली कोणाकडं होती?"

"माज्याकडं."

"भांडी कोणी घासली?"

रत्नम्मानं माझ्याकडं पाहिलं, मग रांगेकडं पाहिलं. ज्ञानेश्वरीच्या हातातलं ताट वाजायला लागलं होतं. पोरीला भांडणाची भीती वाटते. रत्नम्मा डावानं खिचडी ढवळत म्हणाली, "माज्या खोलीत व्हती ना भांडी? मग मीच म्हना."

म्हणजे कबूलच! आणि वर ना माफी, ना काही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपली चूल जाईल म्हणून एका बाईनं चाळीस पोरींच्या ताटात माती कालवली. मी सरळ सरांकडं गेले. सर म्हणाले, "तुम्ही म्हणता काजळी नंतर लावली, आता म्हणता त्याआधी भांडी कुणी घासली, मला काही कळत नाही मॅडम. पण बाई त्रास देत असेल तर बदलून टाकू." काजळीवर विश्वास नाही, बाईला काढायला मात्र लगेच तयार.

ज्ञानेश्वरीला म्हटलं, बघ, सापडला चोर. ती म्हणाली, "मॅडम, जाऊ द्या ना." लई मऊ पोरगी आहे.

१९ डिसेंबर

आज येळवस, वेळ अमावास्या. लातूरकडून आलेल्या आमच्या गणिताच्या मॅडम रजेवर. तिकडं म्हणे अख्खं शहर रिकामं होतं. बाया, पोरी, लेकी, सुना, सगळ्या रानात, कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील, दिवसभर उघड्यावर पंगती. तेव्हा कुणाला मुलींची गोष्ट वेगळी वाटत नाही. नवरे सोबत असले की रान चांगलं असतं.

५ जानेवारी

खिचडीला नवी बाई आली. भात चिकट करते. रत्नम्मा हिशेब करून गेली, मला न भेटता.

ज्ञानेश्वरी शाळेत येते, पण शेवटच्या बाकावर बसते. गाईडचा स्कार्फ धुऊन, इस्त्री करून माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी विचारलं, लातूरचं काय? म्हणाली, "मॅडम, पौष संपला की कुंकवाचा कार्यक्रम हाय. हदगावचे." मी म्हटलं, तू नाही म्हण. ती माझ्याकडं अशी बघत राहिली जसं मी तिला वर्गात अभ्यासाबाहेरचं विचारलं.

देविदासला फोन केला. म्हणाला, "मॅडम, लग्न अठरा झाल्यावरच करू, कायदा आमाला बी कळतो. आता नुसतं बोलून ठेवायचं. ज्या पोरीला परक्या आखाड्यावर एकटीला जाताना काई वाटलं न्हाई, तिला लातूरला कसं सोडू?" मी म्हणणार होते की मीच पाठवलं होतं. पण आता सांगून काय उपयोग होता? त्याला वाटलं असतं मी पोरीची बाजू घेते.

२५ जानेवारी, रविवार

जायचं नव्हतं. यशोदाबाई स्वतः बोलवायला आली, खणाचं ब्लाउजपीस घेऊन, म्हणून गेले.

अंगणात मांडव, खुर्च्या, हदगावची माणसं. पोरीला हिरवी साडी नेसवलेली. तोंडाला पावडर लावून तिला आईनं इतकं गोरं केलं होतं की ओळखायला आली नाही. कुंकू लावून झालं, ओटी भरली. मग बायकाबायकांचं सुरू झालं. मुलाच्या आईनं स्वयंपाकघरात जाऊन फळीवरची भांडी बघितली. उलटी करून तळ बघितले. आमच्याकडं अजून बघतात. भांड्याच्या तळावरून घर ओळखायचं. म्हणाली, "भांडी मातर लई स्वच्छ हाईत तुमची."

यशोदाबाईचं तोंड फुललं. इतक्या दिवसांत तिला कुणी चांगलं म्हटलं नसावं. म्हणाली, "हे तर काईच न्हाई विहीनबाई. शाळेत शिबिराची भांडी व्हती, काळीकुट्ट, जशी काय जळालेली. दुसऱ्या दिशी मोठे लोक बघाया येणार. माझ्या पोरीच्या हातात असली भांडी दिसली तर नाव कुणाचं जाईल? रत्नम्मा दळन आनाया गिरणीवर गेलती, तेवढ्यात म्या विटकर घेतली अन येका संध्याकाळी समदी आरशासारखी केली. बोटं सोलली व्हती. इचारा मॅडमला!"

सगळ्या माझ्याकडं वळल्या. यशोदाबाई वाट बघत होती, हसून, लहान पोर शाबासकीची वाट बघतं तशी. ज्ञानेश्वरी दारात उभी होती, कपाळावर कुंकू. तिनं मान हलवली. अगदी थोडीशी. नको, म्हणून.

मी म्हटलं, "हाव. आरशासारखी होती."

"बघा!" यशोदाबाई म्हणाली. "अन ह्या पोरीला बी तसंच शिकवलंय म्या."

जेवले नाही. पोट बरं नाही म्हणून सांगून निघाले. 

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर रत्नम्माच्या घरी गेले. रेल्वे लाइनच्या पलीकडं, दोन खोल्या. एका मंगल कार्यालयात भांडी घासते आता. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस?"

तिनं चहा ठेवला. म्हणाली, "म्या गिरणीवरून आले तवर सगळी झाली व्हती. मला तरी कुठं ठावं व्हतं, काळ्यानं शिजतंय म्हणून? मी तर तिला शाबास म्हनलं. त्या दिशी रांगेत तुम्ही इचारलं तवा पोरीचं तोंड बघितलं, अन कळलं. देविदासला कळलं असतं तर त्यानं त्या बाईला जन्मभर सुनवलं असतं. मला काय, माझा धनी मरून लई वर्षं झाली."

"मी सरांना सांगते. तुला परत घ्यायला लावते."

"अन काय सांगनार? कुनी घासली म्हनून सांगनार?"

मी कप खाली ठेवला. 

"यशोदाबाईला सांगू नका म्याडम," ती म्हणाली. "पोरीचं तर झालं ते झालं. आपल्याच हातानं झालं हे कळलं तर ती बाई भाकरी खानार न्हाई."

मी म्हटलं, नाही सांगत. मग राहवलं नाही म्हणून म्हटलं, "पण एवढी साधी गोष्ट! काळं भांडं ऊन पितं. सातवीच्या पोराला कळते. कोणीतरी त्या बाईला एका वाक्यात सांगायला नको होतं का?"

रत्नम्मा कपबशा गोळा करता करता थांबली. म्हणाली, "तिनं इचारलं व्हतं की तुम्हाला, सभेत. ती सांगत व्हती मला. तुम्ही म्हनलात, तुम्हाला न्हाई कळायचं."

असं मी म्हणाले असेन, मला वाटत नाही. घरी येईपर्यंत रस्ताभर आठवून पाहिलं. सभा आठवते, सरांचं घड्याळ आठवतं, टेबलावरचं काळं पातेलं आठवतं. सगळे हसले होते तेही आठवतं. कशाला हसले, ते मात्र आठवत नाही.